तांब्याकाकूंची तहान

तांब्याकाकूंना तहान कधी लागेल याचा नेम नसे. देवीची पोथी रंगात आलेली असायची, बायका माना डोलवत असायच्या, आणि काकू मध्येच म्हणायच्या, "थांबा गो, घसो सुकलो." मग शेजारचा पितळी तांब्या उचलून पाण्याची धार वरून घशात सोडायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि पुढे वाचू लागायच्या. रेशन कार्डावर त्यांचं काही वेगळं नाव असणारच. पण घाटकोपरच्या आमच्या वसाहतीत त्यांना सगळे तांब्याकाकू म्हणूनच ओळखत.

मी त्यांच्यावर जळत असे. आडपडदा कशाला ठेवू? मी संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, शाळेत शिकवणारी. वसाहतीत मला मास्तरीणबाई म्हणत. काकू चौथी पास. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर घरी पापड लाटून संसार ओढणाऱ्या. 'श'चा 'स' करणाऱ्या, जोडाक्षर आलं की ठेचकाळणाऱ्या. आणि श्रावणात दुपारी तीन वाजता देवळासमोरच्या पडवीतली सतरंजी भरायची ती त्यांच्यासाठी. एकदा त्या तापानं आडव्या झाल्या तेव्हा दोन दिवस मी वाचलं, अर्थही समजावून सांगितला. पुढच्या रांगेतल्या दोघी भिंतीला टेकून झोपल्या. तिसऱ्या दिवशी काकू परत आल्या, तर त्याच दोघी ताठ बसून डोळे पुसत होत्या.

घरातही सुटका नव्हती. सासूबाईंनी माझ्या आमटीला कधी बरं म्हटलं नाही, पण पोथीवरून आल्या की म्हणायच्या, "तिच्या तोंडून ऐकलं की जेवण गोड लागतं." जेवण मीच केलेलं असायचं.

सतरंजीवर कोणीही बसावं, अशी तिथली रीत होती. समई लावायची ती निमा. सव्विसाव्या वर्षी नवरा गेलेली, तळमजल्यावर दिराकडे राहणारी. काकूंनी ते काम तिलाच देऊन टाकलं होतं. पलीकडच्या बिल्डिंगीतल्या कांबळेबाई दवाखान्यातली पाळी संपवून यायच्या आणि आल्याआल्या बजावायच्या, "आम्ही बौद्ध. तुमची पोथी आम्ही मानत नाही हां काकू. तुमचा आवाज ऐकायला येते." काकू म्हणायच्या, "मानू नको. बस फक्त. दमून इलंस."

मत्सरी माणसाचे कान फार तिखट असतात. एका श्रावणात माझ्या लक्षात आलं की काकूंच्या तहानेनंतर ओवी तुटते. पाण्याआधीचं आणि पाण्यानंतरचं जुळत नाही. मी दादरला जाऊन त्याच छापाची पोथी विकत आणली, ती मांडीवर उघडून शेवटच्या रांगेत बसले आणि पेन्सिलीनं खुणा करू लागले. काकूंनी मला पाहिलं. मला वाटलं, आता चपापतील. तर म्हणाल्या, "मास्तरणीक पंख्याखाली जागा करा गो, थंय उकाडता." मी पंख्याखाली बसले आणि आणखीच जळफळले.

महिन्याअखेर माझ्या यादीत सात ओव्या जमल्या. विधवेनं लावलेला दिवा देवी स्वीकारत नाही, ही एक. अमुक जातीच्या माणसाच्या कानी पोथी पडली तर वाचणाऱ्याचं पुण्य जातं, ही दुसरी. वांझेबद्दल एक, मुलीच जन्माला घालणारीबद्दल एक, अशा सहा. सातवी मात्र या माळेतली नव्हती. नवव्या अध्यायातली बेचाळिसावी ओवी: वाचणाऱ्याचा मत्सर मनात धरून जो पोथी ऐकायला बसतो, तो पुढल्या जन्मी पाल होऊन त्याच भिंतीला चिकटतो. ही का गाळली असेल, ते मला कळेना. मी तिच्यापुढे 'निष्काळजीपणा' असं लिहून टाकलं.

त्याच सुमाराला आमच्या पत्र्याच्या देवळाचं ट्रस्ट झालं. संगमरवर आला, सभागृह आलं, देणगीदारांच्या नावांची पाटी आली, लाऊडस्पीकर आला, नियमांचा फलक आला. उद्घाटनाला गाडीतून एक महाराज आले आणि सांगून गेले, की पोथीचं एक अक्षर गाळलं तरी फळ मिळत नाही. देवळासमोर सतरंजी घालणाऱ्यांपैकी कोणाला या ट्रस्टमध्ये घेतलं नव्हतं. माझी यादी मी सुवाच्य अक्षरात लिहून सेक्रेटरींना नेऊन दिली. धर्माची काळजी वाटते म्हणून, असं त्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

काकूंना ट्रस्टच्या ऑफिसात बोलावलं. मीही होते. सेक्रेटरींनी माझी यादी त्यांच्यापुढे सरकवून विचारलं, "काकू, देवीचे शब्द गाळायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

काकू बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "देवीचे खंयचे? कोणीतरी लिवलेले ते. लिवणाऱ्यान आमच्या निमाक बघूक नाय. बघितल्यान असता तर असा लिवल्यान नसता."

"म्हणजे पोथी चुकीची?"

"पोथी बरी आसा. पण समोर बसलेल्या माणसाक लागात असा मी वाचूचंय नाय. तुमका जमत असात तर तुमी वाचा."

मला जमत होतं. पुढच्या श्रावणापासून वाचन माझ्याकडे आलं. पाट, चौरंग, मायक्रोफोन, मागे संगमरवर. पहिल्या दिवशी सभागृह भरलं तेव्हा माझी छाती फुगली होती, हे कबूल करते. काकू शेवटच्या रांगेत येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर काही नव्हतं.

चौथ्या दिवशी चौथा अध्याय आला. समई नेहमीसारखी निमानंच लावली होती. ते थांबवायचं नियमांच्या फलकावर राहून गेलं होतं. विधवेच्या दिव्याची ती ओवी पुढे दिसत होती. मला सगळं आठवत होतं. पण मी अडखळले असते तर काकू बरोबर ठरल्या असत्या, आणि ते मला नको होतं. मी ती ओवी वाचली. स्वच्छ उच्चारात, एकही मात्रा न चुकता. लाऊडस्पीकरवरून ती रस्त्यापर्यंत गेली.

निमाच्या हातात काडेपेटी होती. तिनं ती समईशेजारी ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेली. कांबळेबाई उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि मायक्रोफोनमधून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "बरोबर वाचलंत बाई. पुस्तकात आहे तेच वाचलंत." मग त्याही गेल्या. काकू मात्र अध्याय संपेपर्यंत बसून राहिल्या. मग त्यांनी समईत तेल घातलं आणि निमाच्या घराकडे गेल्या.

पुढे रोज रांगा विरळ होत गेल्या. सासूबाईंचे गुडघे दुखू लागले. काकूंकडे जाताना ते कधी दुखत नसत. मी हट्टानं सगळे अध्याय पुरे केले. नववा वाचला तेव्हा समोर पुजारी होते आणि सेक्रेटरींची बायको होती. अक्षर न् अक्षर वाचलं. महाराजांच्या हिशेबानं पूर्ण फळ मिळायला हवं होतं. मला मात्र घरी जाताना निमाच्या दारावरून जायची लाज वाटायची, म्हणून मी मागच्या गटाराकडून वळसा घालून जात असे.

दिवाळीनंतर काकूंच्या नवऱ्यानं खोली विकली. दोघं कायमची कोकणात निघाली. जायच्या आदल्या दिवशी काकू माझ्या दारात आल्या. हातात लाल फडक्यात बांधलेली पोथी.

"ही तुका. तुझा वाचन शुद्ध आसा, माझ्यापेक्षा बरा. फक्त तांब्यो ठेवीत जा गो बाय बाजूक."

मला रडू आलं. रागही आला, कारण माफी मागायची माझ्याकडून राहून गेली होती आणि त्या ती आधीच देऊन मोकळ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, यादी मीच दिली होती." त्या म्हणाल्या, "म्हाईत आसा. अक्षर किती सुंदर होता," आणि चहा न घेता गेल्या, कारण भांडी बांधायची राहिली होती.

त्या गेल्यावर मी पोथी उघडली. गाळलेल्या प्रत्येक ओवीशेजारी समासात, मोठ्या गोल अक्षरात, पेन्सिलीनं एकेक नाव लिहिलं होतं. चौथ्या अध्यायात 'निमा'. जातीच्या ओवीपाशी 'कांबळेबाय'. ज्यांना मी कधी मोजलंच नव्हतं अशा चौघी पुढे. मी पानं उलटत नवव्या अध्यायाशी आले. बेचाळिसाव्या ओवीशेजारी लिहिलं होतं, 'मास्तरीण'.

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी पंख्याखाली बसून त्यांच्या चुका टिपत होते, आणि त्या माझ्यासाठी पाणी पीत होत्या.

निमाकडे जायला मला आठ दिवस लागले. तिनं बराच वेळ दारात उभं ठेवलं. शेवटी म्हणाली, "काकूंसारखं वाचणार असाल तर येते." आता श्रावणात माझ्याच खोलीत पोथी असते, लाऊडस्पीकर नाही. समई निमा लावते. माणसं काकूंच्या वेळेइतकी जमत नाहीत आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं; तो स्वभाव गेलेला नाही. सहा ओव्यांना मला तहान लागते. बेचाळिसावी मात्र मी दरवर्षी मोठ्यानं वाचते.