उद्या या, पण लिहून द्या

लातूरच्या दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीपाशी माझ्यापुढं जळकोटकडची एक आजी होती. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन अडलं होतं, कारण रेशनकार्डावरच्या नावात एक काना जास्त होता. खिडकीतले साहेब चौथ्यांदा म्हणाले, "उद्या या."

आजीनं पदर सारखा केला. "तेवढं लिहून सही करा, साहेब. आमच्या मालकाला ऐकू येत न्हाई, वाचता येतंय."

सहीनिशी लिहून द्यायची साहेबांची काही तयारी नव्हती. त्यांनी पेन ठेवलं, फाईल ओढली आणि तासाभरात मंजुरी दिली.

बाहेर म्हातारा डोळे मिटून बसला होता. आजी दुरूनच हळू म्हणाली, "उठा, झालं काम." तो लगेच उठला.

मला हसू आलं. आजी म्हणाली, "कुणीतरी बहिरं होतंच की, बाबा."