न चाखता घातलेलं मीठ

डॉक्टर बापट जन्मात अंड्यालाही शिवले नव्हते, आणि तरीही दर सोमवारी संध्याकाळी ते शेजारच्या टॉमच्या ओट्यापाशी उभे राहून आदल्या दिवशीचं भाजलेलं बीफ बारीक चिरत असत. हातात निळे हातमोजे, अंगावर टॉमच्या दिवंगत बायकोचा फुलाफुलांचा एप्रन. चिरून, शिजवून, टॉमला वाढून झालं की घरी येत, डोक्यावरून अंघोळ करत आणि मग आमच्या स्वयंपाकघरात बसून वरणभात जेवत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला ड्यूट्यांचा ताण झालेला दिसतोय.

परदेशात, सँट्री नावाच्या उपनगरातल्या एका ऑफिसात नोकरी लागली म्हणून जवळच्या मी ब्युमॉन्टमधल्या त्या घरात खोली घेतली होती. दुसरी खोली बापटांची. मूळचे सांगलीचे, पन्नाशीला आलेले, सडेफटिंग, इस्पितळात भूलतज्ज्ञ. पहिल्याच रविवारी मी हौसेने पोहे केले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय. बाकी उत्तम." मला असा राग आला की सांगता सोय नाही. पुढे कळलं की हा माणूस कुणालाच सोडत नाही. इथल्या मंडळाच्या गणपतीत सगळे जण मसालेभाताची तोंड भरून स्तुती करत होते, तेव्हा यांनी यजमानीणबाईंना शांतपणे सांगितलं, "वहिनी, मीठ विसरलात." त्यानंतर त्यांना जेवणाची आमंत्रणं येईनाशी झाली. त्यांना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

स्वतः मात्र ते स्वयंपाक करताना कधीच चव घेत नसत. त्यांच्या आईकडे नैवेद्य मुलाला करायला लावायची पद्धत होती, आणि देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, मग मीठ किती घालायचं ते कळणार कसं? आईने हात धरून शिकवलं. तळहातावर घ्यायचं, बघायचं, मग घालायचं. "जीभ खुशामत करते, हात करत नाही," असं बापट म्हणत. मी हसले की आणखी समजावत. "अगं, भूल देताना मी पेशंटला विचारतो का, पुरे का अजून देऊ म्हणून? वजन बघायचं, हिशोब करायचा, द्यायचं. सिंपल आहे."

टॉमची आणि त्यांची गाठ पडली ती कचऱ्याच्या डब्यांपाशी. टॉम म्हणजे ऐंशीला टेकलेला, आयुष्यभर बस चालवलेला, उंचापुरा माणूस. एका गुरुवारी बापट डबे रस्त्यावर लावत होते, तर शेजारी टॉम जवळजवळ अख्खा बीफचा तुकडा उरल्यासुरल्या अन्नाच्या तपकिरी डब्यात टाकत होता. बापटांनी डब्याकडे पाहिलं, टॉमच्या पट्ट्याला सुरीने पाडलेल्या नव्या भोकाकडे पाहिलं आणि विचारलं, "टॉम, किती किलो उतरलात?"

"ग्रँड आहे रे मी, डॉक," टॉम म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टॉम आणि त्याची बायको ब्रीडा यांची पन्नास वर्षांची वाटणी होती. रविवारचा रोस्ट टॉमचा, आठवड्याच्या संध्याकाळी ब्रीडाच्या. टॉमने रोस्ट करायचा आणि पुढचे चार दिवस ब्रीडाने त्याच मांसाचं रोज काहीतरी निराळं करून वाढायचं. ब्रीडा गेली. टॉम अजूनही रविवारी सहा माणसांचा रोस्ट करत होता, कारण लहान करता येत नव्हता. लेक ओर्ला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डून लेरीहून येई, बापाबरोबर पोटभर जेवे आणि समाधानाने परत जाई. सोमवारपासून टॉम ब्रेड आणि चहावर राही. चार दिवस तो फ्रिज उघडून त्या मांसाकडे बघायचा आणि गुरुवारी टाकून द्यायचा.

पण एकदा ओर्ला बुधवारीच आली आणि तिने फ्रिज उघडला. तिचं म्हणणं सरळ होतं: घर विकायचं आणि बाबांनी तिच्याकडे राहायला यायचं. टॉमने हातापाया पडून तीन महिने मागून घेतले. ओर्ला म्हणाली, ठीक आहे, पण मी आठवड्यातल्या कुठल्याही संध्याकाळी न सांगता येईन आणि तुमच्या ताटात काय आहे ते बघेन. "ती वाईट नाहीये," टॉम पुन्हा पुन्हा सांगत होता. "पण माझी टोमॅटोची काचघरं, माझी खुर्ची, ब्रीडाचा ओटा, हे सगळं इथे आहे. तिकडे मी पाहुणा होईन."

दुसऱ्याच सोमवारी बापट त्याच्याकडे गेले.

ब्रीडाने काहीच लिहून ठेवलं नव्हतं. टॉमला आठवत होतं ते फक्त ताट कसं दिसायचं ते. सोमवारी पातळ काप आणि वरून गरम ग्रेव्ही. मंगळवारी मांसावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर आणि त्यावर काट्याच्या रेघा. बुधवारी कढईत कुरकुरीत झालेले बटाटे, कांदा आणि मांसाचे तुकडे. गुरुवारी सूप, त्यात बार्ली. एवढ्यावरून बापटांनी एकेक पदार्थ उलटा उकलत नेला, आणि ज्या दिवशी ड्यूटी असे त्या दिवसाचा आदल्या दिवशीच करून ठेवू लागले. एकदा ते चिरत असताना झोपण्यापूर्वीचा आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. मी शेजारीच होते, मी त्यांना ते मांस बाजूला सारायची खूण केली.

"काय चिरायलायस रे?" आईंनी विचारलं.

"बीफ, आई. शेजारच्या म्हाताऱ्यासाठी."

आईंनी फोन डोळ्यांजवळ धरून सुरीकडे नीट पाहिलं. मग आई म्हणाल्या, "दात हाईत का त्याला? नसतील तर आणि बारीक कर."

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. एका मंगळवारी बापट अंघोळीला गेले आणि तसेच ओल्या केसांनी बाहेर आले. "मृणाल, मी मीठ घातलंच नाही!" दोघे धावत टॉमकडे गेलो. टॉमने ताट पुसून खाल्लं होतं. "लव्हली होतं, डॉक. नेहमीसारखंच."

बापटांनी ते पुसलेलं ताट पाहिलं. मग त्यांनी टॉमला डोळे मिटायला सांगितले, मिठाची बरणी उचलली आणि टॉमच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवलं. "काय आहे?"

टॉमने जीभ फिरवली, आमच्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. "वाळू?" म्हणाला. गेल्या हिवाळ्यातल्या मोठ्या सर्दीनंतर त्याला कशाचीच चव येत नव्हती. रविवारी तो ओर्लासमोर आवडल्याचं नाटक करत होता, आणि महिनाभर आमच्यासमोरही. तिला कळलं तर उद्याच नेईल, अशी त्याला भीती होती.

बापटांनी त्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं. चव परत येईल, न येईल, सांगता येत नाही, एवढंच तिथे कळलं. बाहेर आल्यावर बापट म्हणाले, "ओर्लाला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. पण तिने मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करायचा."

"मला चव कळत नाही, डॉक!"

"मलाही कळत नाही. मी हे खातो का?"

आता त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघे होतो आणि त्या मांसाची चव बघू शकणारा एकही नव्हता. माझी धाव मटण-चिकनपर्यंतच. त्यामुळे मला बटाट्याचं खातं मिळालं: मांसाशी गाठ पडण्याआधीचा बटाटा मी चाखायचा. बाकी सगळं हातावर. टॉमचा पंजा सुपाएवढा, त्याची चिमूट म्हणजे बापटांची मूठ, म्हणून पहिले दोन आठवडे माझी जीभ भाजल्यासारखी झाली होती. बापट चिडत नसत. "दोनच बोटं. एका ताटाला एकदा. घातलं की बरणी लगेच प्रेसमध्ये ठेवायची, नाहीतर हात पुन्हा जातो." प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट. कांदा झाला की नाही ते त्यांनी त्याला आवाजावरून ओळखायला शिकवलं. बसच्या इंजिनाचा आवाज ऐकण्यात आयुष्य गेलेल्या टॉमला ते चटकन जमलं.

ओर्ला आली ती एका बुधवारी. बापट नेमके ड्यूटीवर. मी बटाटा चाखून निघणारच होते, तेवढ्यात ती दारात. मी बापटांना मेसेज केला. उत्तर आलं, "त्याला काही सांगू नकोस." टॉमने बाह्या वर केल्या. त्याने कढई तापवली, कांदा टाकला, मान तिरकी करून ऐकत राहिला. दोन बोटांत मीठ घेतलं, तळहातावर ठेवलं, बघितलं, घातलं, आणि बरणी प्रेसमध्ये ठेवून दिली. मग कमी पडलं तर तिला घेता यावं म्हणून पुन्हा बाहेर काढून टेबलावर ओर्लाच्या समोर ठेवली. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

ओर्लाने एक घास खाल्ला. तिचा हात बरणीकडे गेला. तिने बरणी बाजूला सरकवली, पाण्याचा ग्लास घेतला आणि पुन्हा खायला लागली. अर्धं ताट झाल्यावर टॉमने काटा खाली ठेवला.

"मला कशाचीच चव येत नाही, ओर्ला. गेल्या हिवाळ्यापासून. पण करता येतं मला."

ती रडली, त्याच्यावर चिडली, मग विचारलं, "मग शिकवलं कुणी?"

"शेजारचा डॉक्टर. त्याने यातला एक घासही कधी खाल्लेला नाही."

घर विकायची गोष्ट त्या दिवशी संपली. ओर्ला न सांगता येत राहिली, पण आता ती डबा घेऊन यायची आणि भरून न्यायची.

दोन वर्षांनी बापटांनी सांगलीला परत जायचं ठरवलं. आई थकल्या होत्या. जायच्या आधीच्या सोमवारी टॉमने आम्हाला जेवायला बोलावलं. त्या रविवारी त्याने रोस्ट केलाच नव्हता. टेबलावर बटाटा, गाजर, कांदा असं काहीतरी परतलेलं होतं, आणि ते ज्या कढईत होतं ती कोरी करकरीत होती. मुठीला दुकानाची चिठ्ठी तशीच. शेजारी नवा चमचा, नवी सुरी. बापटांनी ते सगळं पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसले. त्या स्वयंपाकघरात इतकं चिरून-शिजवून ते पहिल्यांदाच तिथे जेवणार होते.

मी घास घेतला. खारट! मीठ दोनदा पडलेलं होतं. टॉम आमच्या तोंडाकडे बघत होता. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "लव्हली आहे, टॉम!"

"मीठ दोनदा घातलंत," बापट म्हणाले. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. त्यांनी पाय बाजूला घेतला. "बरणी बाहेर राहिली असणार."

टॉमने ओट्याकडे वळून पाहिलं. मग एवढा मोठ्याने हसला की त्याला ठसका लागला. "बाहेरच राहिली होती! तू यायच्या गडबडीत." त्याने डोळे पुसले. "आता मला हे कोण सांगणार, डॉक?"

बापट माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मृणाल, ज्याला चव कळत नाही त्याच्याशी जेवणाबद्दल खोटं बोलायचं नसतं. त्याने तुझ्या-माझ्या जिभेवर भरवसा ठेवलेला असतो." मग त्यांनी भातासारखा बटाटा कुस्करला, त्यात ओट्यावर उरलेला बिनमिठाचा उकडलेला बटाटा मिसळला आणि सगळं ताट संपवलं.

बापट सांगलीला गेले. आता दर बुधवारी मी टॉमकडे जाते. तो स्वतःसाठी जुन्या कढईत करतो, माझ्यासाठी नव्या. मी स्वभावाने भिडस्त. समोरच्याचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही, आणि पहिल्या काही बुधवारी मी सगळंच गोड मानून घेतलं. घरी आल्यावर मात्र मला बापटांची रिकामी खोली ओलांडताना लाज वाटायची.

काल बटाटा अळणी होता. टॉम बघत होता. मी म्हटलं, "टॉम, मीठ विसरलात."

"थँक गॉड," तो म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं, तो गेल्यापासून मी चुकतच नाहीये." आणि प्रेस उघडून त्याने दोन बोटांत मीठ घेतलं, तळहातावर ठेवलं आणि बघत उभा राहिला.