काळजीला लागणारी साखर

कुमुद परबांना "कशा आहात?" असं विचारलं की त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणायच्या, "चालू आहे." पुढे कुणी विचारू नये, अशा बेतानं म्हणायच्या. परळला गिरणीच्या जागेवर उठलेल्या इमारतीत आमच्या विमा कंपनीचं कार्यालय होतं. तिथला सर्व्हर त्या सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले. वयानं बरीच लहान, म्हणून कुमुदताई म्हणायची.

नव्या साहेबांनी सर्व्हरवर देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं. मेमरी किती उरली, कोणतं काम अडलं, असं ते सर्व्हरला सेकंदासेकंदाला विचारी आणि प्रत्येक उत्तर लिहून ठेवी. एरवी ते जाणवत नसे. महिनाअखेरीला सगळ्या शाखांचं काम एकदम आलं की मात्र सर्व्हर रांगू लागे. मग साहेब घाबरून आणखी चार गोष्टी विचारायला लावत, आणि तो आणखी मंदावे.

"साहेब, तो उत्तरं देऊनच दमलाय," कुमुदताई म्हणाल्या.

"अहो मॅडम, पण बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"बघा की. पण बघणाराही त्याच्याच ताटात जेवतोय."

"मग काय उपाशी ठेवू त्याला?"

"दर सेकंदाला वाढू नका, एवढंच."

ऐन गर्दीत त्यांनी ती देखरेख थोडा वेळ बंद करून दाखवली. अडकलेले दावे भराभर पुढे सरकले. मग साहेबांच्या संमतीनं बरेच प्रश्न काढून टाकले, काही विरळ केले. डिस्कवर जागा उरली आहे का, हा मात्र होता तसाच ठेवला. "हे नाही विचारलं तर एक दिवस न सांगता सगळंच बंद पडून बसेल," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी डबा खाताना मी त्यांचं कौतुक केलं, तेव्हा त्या लहानपणच्या लालबागच्या खोलीबद्दल बोलल्या. वडील कामाला होते ती गिरणी संपात बंद पडली, ती पुन्हा उघडलीच नाही. रोज कुणी ना कुणी दारात येई. "काय परबांनू, काय म्हणतोय संप?" आई चहासाठी चूल पेटवी. मुलं कुरकुरली तर म्हणे, "दारात इलेल्या माणसाक च्या दिल्याशिवाय कसा धाडू?" पाहुणा गेला की मुलांच्या वाट्याला बिनसाखरेचा चहा.

"माणसं वाईट नव्हती गं," कुमुदताई म्हणाल्या. "काळजीनंच यायची. पण त्यांच्या काळजीला आमची साखर लागायची."

त्या स्वतःची चौकशी कुणाला का करू देत नसत, ते मला तेव्हा थोडं कळलं. पुढे त्यांचा चेहरा उतरला, साडी अंगावर सैल दिसू लागली. विचारलं की तेच, "चालू आहे." एका दुपारी त्या जिन्यात बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आम्ही त्यांना जवळच्याच रुग्णालयात नेलं. आजार फार पसरला होता. किती दिवस दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "झाले बरेच महिने."

धावत आलेला त्यांचा भाऊ चिडला. "सांगायचं नाहीस? आम्ही कोण मग?"

"तुझ्यामागे काय कमी व्याप आहेत?"

यंत्रासाठी त्यांनी एक प्रश्न राखून ठेवला होता. स्वतःसाठी तेवढाही ठेवला नाही.

मी कामावरून सुटल्यावर रोज त्यांच्यापाशी पुस्तक घेऊन बसे. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "रोज येतेस आणि काही विचारत नाहीस."

"तुम्हाला आवडत नाही ना."

"विचार गं."

मी पुस्तक मिटलं. "खूप दुखतंय का, ताई?"

"हो," त्या म्हणाल्या. मग कुठे दुखतं, कसं सुरू झालं, पहिल्यांदा किती भ्यायला झालं, सगळं हळूहळू सांगू लागल्या. भेटीची वेळ संपली असं नर्स सांगायला आली, तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.

"जा तू आता," त्या म्हणाल्या. "उरलेलं उद्या सांगते."

सकाळीच त्यांच्या भावाचा फोन आला.