उताणी पोहणारी रिम्के बूटस्मा

रिम्के बूटस्माला तोंडावर पाणी आलेलं मुळीच खपत नसे. पुढे शंभर मीटर बॅकस्ट्रोकमध्ये देशात पहिली आलेल्या मुलीबद्दल हे सांगितलं, की परगावच्यांना थट्टा वाटायची. तिच्या गावात, वर्कुममध्ये मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. केस धुवायचे म्हटलं तरी पोर टेबलाखाली दडी मारायची.

बाप बटाट्यांची मालबोट चालवायचा. पाच वर्षांची रिम्के एकदा बोटीवरून मागच्या मागे कालव्यात पडली. आई किंचाळली, बापानं बांबू उचलला, आणि बघतात तर पोरगी हात पसरून, ढगांकडे बघत निवांत तरंगतेय.

"अगं, बांबू धर!"

"थांबा ना बाबा, कानात मजेशीर आवाज येतोय."

गावच्या तलावावर हुलस्ट्रा मास्तर पोहणं शिकवायचे. मूळचे पोस्टमन, त्यामुळे सायकल हातात धरूनच काठानं चालायचे. त्यांनी रिम्केला आधी पालथं पोहायला लावलं. तिनं मान इतकी वर काढली, की मास्तर वैतागले. "बदकंसुद्धा एवढी ऐट करत नाहीत! हो उताणी!" ती झाली, आणि तिला गाठायला मास्तरांना सायकलवर टांग मारावी लागली.

एकच खोट होती. गावात ती चर्चच्या मनोऱ्यावर नजर ठेवून सरळ जायची. छपराखालच्या तलावात मनोरा कुठून आणायचा? उट्रेख्टच्या पहिल्या मोठ्या शर्यतीत ती दोरीला घासत गेली आणि शेवटी भिंतीवर डोकं आपटलं. टेंगूळ आलं, पदकही आलं.

"भिंत चालत येत नाही गं," मास्तर म्हणाले. "किती हात मारलेस ते मोजत जा."

मग ती मोजायला लागली. जिन्याच्या पायऱ्या, सूपमधले वाटाणे, पाद्रीबुवांच्या प्रवचनातले खोकलेसुद्धा. एकोणीसशे छप्पन साली ती देशात पहिली आली आणि मेलबर्नच्या ऑलिम्पिकसाठी निवडली गेली.

वर्कुमनं तिचा सत्कार केला. बँड वाजला, नगराध्यक्षांनी नवी कोरी सूटकेस दिली. बेकरीवाल्यानं पोहणाऱ्या मुलीच्या आकाराचा केक केला, पण पालथा. "उताणी केली असती तर नाक मोडलं असतं," त्यानं खुलासा केला.

विमान सुटायला थोडे दिवस उरले असताना हंगेरीत रशियन रणगाडे घुसले. निषेध म्हणून आपल्या देशाचा संघ मेलबर्नला जाणार नाही, असं रेडिओनं सांगितलं. आई टॉवेलावर रिम्केचं नाव शिवत होती. तिनं दोरा तोडला आणि टॉवेलाची नीट घडी घातली.

मास्तर आले ते पावसात भिजून. रिम्केनं विचारलं, "मास्तर, हे बरोबर झालं का?"

"बरोबर झालं. आणि तुझं वाईट झालं. दोन्ही खरंय, पोरी."

दुसऱ्या दिवशी ती सूटकेस परत करायला गेली. नगराध्यक्ष कानकोंडे झाले. "दिलेली वस्तू कशी घ्यायची?"

"मग मी जाऊ कुठं हिला घेऊन?"

"कुठंही जा, पण हिला इथून ने!"

आठवडाभर गाव तिला टाळत होतं. काय बोलावं कळेना, म्हणून लोक पूल ओलांडून पलीकडून जायचे. शेवटी बेकरीत सगळे गप्प झाले तेव्हा तिचा भडका उडाला. "मी मेलेले नाही! एक पाव द्या, आणि कुणीतरी बोला!" सगळे एकदम बोलायला लागले. पाव राहिलाच.

पुढच्या मे महिन्यात, दात वाजवणाऱ्या थंड पाण्यात, ती गावच्या तलावात शंभर मीटर पोहली. मास्तरांनी घड्याळ बघितलं, झटकलं, कानाला लावलं. तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमी!

"पण पंच कुठायत?" ती धापा टाकत म्हणाली.

"मी आहे ना!"

"तुम्हाला कोण विचारतंय, मास्तर?"

दोघं हसत सुटले. ती वेळ कुठल्याच वहीत चढली नाही.

चार वर्षांनंतरच्या रोम ऑलिम्पिकच्या निवडीत दोघींनाच जागा होती आणि रिम्के तिसरी आली. त्या वर्षी तिनं शर्यती सोडल्या, स्यूर्ड नावाच्या उंच, अबोल माणसाशी लग्न केलं. तो बोटींना वाट द्यायला कालव्याची दारं उघडायचा-मिटायचा. सकाळी नावाडी खोळंबले की शिव्या द्यायचे, "अरे, दार उघड की!" तेव्हा स्यूर्ड शांतपणे पाण्याकडे बोट दाखवायचा. "बायको पोहतेय. तिची शेवटची फेरी होऊ दे."