तिसऱ्या पिस्टनचं जोडकाम

मालाडला कुरारमध्ये जानकी मेस्त्री यांचं दहा बाय आठचं दुकान आहे. बोर्डावर ‘बँडची वाद्ये दुरुस्त करून मिळतील’ एवढंच लिहिलंय. लग्न करून कुडाळहून आल्या तेव्हा हे दुकान सासऱ्यांचं होतं. नवरा कंपनीत नोकरीला, त्याला पितळेत रस नव्हता. मग एक दिवस सासरेच म्हणाले, “माझो हात थरथरता. आता तूच बस गे.” जानकीबाई बसल्या, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. पोचे काढणं, डाख वितळवून चिरा जोडणं, अडकलेले पिस्टन सोडवणं, सगळं त्या करतात. गेली काही वर्षं जुनी वाद्यं विकायची असली की लोक किंमत ठरवायलाही त्यांनाच बोलावतात. स्वतः तपासलेलं वाद्य त्या कधी विकत घेत नाहीत. त्यामुळे त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही.

गेल्या फेब्रुवारीत बोरीवलीहून उत्तरा करंबेळकर यांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचे वडील श्यामकांत विमा कंपनीत कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी एका हौशी बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे खालच्या सुरांचं भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आता घराला रंग काढायचा होता आणि ट्यूबा हॉलमधली निम्मी जागा अडवून बसला होता. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला होता. उत्तराबाईंच्या परदेशातल्या मुलाने इंटरनेटवर बघून तीन लाख सांगितले होते.

“खरं काय ते तुम्ही सांगा,” उत्तराबाई म्हणाल्या.

जानकीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीत भरपूर उजेड. त्यांनी सतरंजी मागितली, तिच्यावर ट्यूबा आडवा ठेवला आणि आधी नुसता हात फिरवला. वाद्य इंग्लंडचं, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं. श्यामकांतांनी ते रेल्वेतल्या एका निवृत्त साहेबाकडून घेतलं होतं.

“गुलाबी ठिपके शोधतेय,” त्या म्हणाल्या. “पितळ आतून खाल्लं गेलं की असे ठिपके येतात. मग ते फक्त भंगारातच जातं. याला एकही नाही. वडील वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढत असणार.”

“रोज. आणि मग बाल्कनीत उन्हाला ठेवायचे. आई कपडे कुठे वाळत घालू म्हणून भांडायची.”

भोंग्याच्या कडेला दोन पोचे होते, ते किरकोळ. पिस्टनवर तेलाचे थेंब सोडल्यावर तिन्ही मऊ चालले. मग जानकीबाईंनी एकेका पिस्टनची नळी ओढून बघितली. वाद्य कुठे गळत नसेल तर नळी निघताना ‘फट्’ असा आवाज येतो. पहिली वाजली, दुसरी वाजली. तिसरी मुकाट्याने हातात आली.

त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्या नळीच्या वळणावर कुणीतरी जुनी चीर बुजवली होती. डाख नको तेवढा जाड, आणि त्याच्या खाली चीर तशीच उघडी. वरून कानस मारून गुळगुळीत करायचा प्रयत्न केला होता. कानशीचे ओरखडे उजवीकडून डावीकडे उतरत होते, डाव्या हाताने कानस मारली की उतरतात तसे.

जानकीबाई डावऱ्या आहेत. मालाड-बोरीवलीत या कामात दुसरं कुणी डावरं नव्हतं.

उत्तराबाई चहा घेऊन आल्या. जानकीबाईंनी कप घेतला. ‘जुनं खराब काम आहे’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाचं, हे कोण विचारणार होतं? चहा संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“उत्तराताई, वाद्य चांगलं आहे. आज आहे तसं विकलंत तर पन्नास हजार येतील, जास्त नाही. कारण ही नळी गळते. आणि हे काम माझं आहे.”

“म्हणजे?”

“तुमचे वडील कधीतरी हे घेऊन आमच्या दुकानात आले असणार. मी तेव्हा नवीन बसायला लागले होते. सासऱ्यांना दाखवायला हवं होतं, दाखवलं नसणार.”

उत्तराबाई त्या नळीकडे बघत राहिल्या. जानकीबाईंना वाटलं, आता बाई चिडणार. पण त्या हसायला लागल्या.

“बाबा सगळ्यांना सांगायचे, हे दमाचं वाद्य आहे, खालच्या सुरांना दुप्पट श्वास लागतो. त्यासाठी रोज नॅशनल पार्कात चालायला जायचे. ऐंशीव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पन्नाशीतल्या माणसाची आहेत.” त्यांनी डोळे पुसले. “आणि ती तुमची गळती होती?”

“असंच दिसतंय,” जानकीबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आवरेना.

त्याच दुपारी टेम्पो करून ट्यूबा मालाडला आला. जानकीबाईंनी पैसे घ्यायचे नाहीत असं आधीच सांगून टाकलं होतं. जुना डाख वितळवून काढला, चीर साफ केली, वरून पातळ पत्र्याचं ठिगळ बसवलं आणि पुन्हा जोड दिला. पोचे काढले. बारा दिवसांनी नळी ओढली तेव्हा असा आवाज झाला की समोरचा इस्त्रीवाला वळून बघायला लागला. आता किंमत त्यांनी पंचाऐंशी हजार सांगितली.

गिऱ्हाईक वर्सोव्याचं निघालं. खंडू भानजी, कोळीवाड्यातल्या बँडचा मास्तर. उत्तराबाईंच्या हॉलमध्येच त्याने वाद्य मांडीवर घेतलं आणि सगळ्यात खालचा सूर धरला. तावदानं थरथरली. शेजारच्या दोन घरांची दारं उघडली.

“काय मागता?” त्याने विचारलं.

“पंचाऐंशी,” उत्तराबाईंनी सांगितलं.

“काकी, सत्तर करा. मासे फुकट आणून देतो.”

“आम्ही शाकाहारी आहोत,” उत्तराबाई म्हणाल्या.

शेवटी अठ्ठ्याहत्तरवर जमलं. वडिलांचं नोटेशनच्या वह्या ठेवायचं लोखंडी स्टँड उत्तराबाईंनी तसंच देऊन टाकलं.

एप्रिलमध्ये खंडूच्या पुतणीची हळद होती आणि दोघींना आमंत्रण होतं. होड्यांच्या बाजूला मांडव घातला होता. बँड सुरू झाला आणि ट्यूबा मागच्या रांगेतून घुमायला लागला. उत्तराबाई थोडा वेळ लांब उभ्या होत्या, मग कोळणींनी त्यांना हाताला धरून नाचणाऱ्यांत ओढलं. पायाला लय सापडेना, तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

जानकीबाई बँडच्या शेजारी उभ्या राहून फक्त खालचे सूर ऐकत होत्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. खंडूचा ट्यूबावाला आरामात श्वास घेत होता. तिसरं सुरू झाल्यावर त्यांनी ऐकणं सोडलं आणि त्या जेवायला गेल्या. कोलंबीचं कालवण झकास होतं, त्यांनी दोनदा घेतलं.