थांबवणारा ट्रक

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं फिरतं घर, घेतला आणि तो ओढायला पिकअप ट्रक शोधू लागलो. वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या साठीच्या एका बाईंकडे मला छोटा लाल ट्रक आवडला. त्यांनी ट्रेलरचं वजन विचारलं, ट्रकच्या दारावरचं वजनक्षमतेचं लेबल वाचलं आणि नकारार्थी मान हलवली.

“ओढेल हा. पण उतारावर ट्रेलर मागून ढकलेल, तेव्हा थांबवेल का?”

“मग थांबवणारा दाखवा.”

“माझ्याकडे नाही,” म्हणत त्यांनी मला रस्त्यापलीकडच्या दुकानात पाठवलं. हातचं गिऱ्हाईक असं सोडणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

त्या दुकानातला दणकट ट्रक घेऊन आम्ही कोलोरॅडोचे घाट उतरलो. परतल्यावर बाईंना मुद्दाम फोटो दाखवायला गेलो. त्यांनी फोटोंचं पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं.

“ब्रेक तापले होते?”

“अजिबात नाही.”

“मग बरोबर निवडलात. आता दाखवा फोटो,” खुर्ची पुढे ओढत त्या म्हणाल्या.