अंकुशचा गोळा आज आत गेला न्हाई

मित्रांनो, सहा हंगामांत अंकुशच्या हर्नियावर झालेला एकूण खर्च: तीन लंगोट आणि वाटीभर तेल.

अंकुश माझा मावसभाऊ, माझ्याच ऊसतोड टोळीत. जांघेतला गोळा आत ढकलून, लंगोट आवळून मोळ्या उचलायचा. आज कडा गावच्या उसाच्या फडात गोळा आत जाईना, उलट्या लागल्या. टोळीनं तासभर तेल चोळलं, मग मला फोन केला.

दवाखान्यात मी ऐटीत म्हणालो, "ऑपरेशन दुर्बिणीनंच करा डॉक्टर. तीन टाके, परवा घरी."

"आधी आतडं जिवंत आहे का ते बघू," डॉक्टर म्हणाले.

अंकुशची बायको हळूच बोलली, "भाऊजी, हंगाम उरकल्यावर दाखवू, हे तुमीच म्हणलतं न्हाई का?"

म्हणलो होतो. मुकादम हाय ना मी.

तुमच्या टोळीत असं कोण लंगोट आवळतंय? आजच विचारा. अंकुशचं आतडं दुर्बिणीत काळं दिसलं. पोट उघडून ते वीतभर कापून काढावं लागलं.